पडकई, हिरडा आणि वहीतला हिशेब
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी एक परिसरपाठ)

दारिद्र्य हा विषय आपल्या शाळांतून बहुधा निबंधाच्या वाटेने येतो. मुले कारणे पाठ म्हणतात : लोकसंख्यावाढ, निरक्षरता, व्यसन, आळस. उपायही पाठ असतात, आणि शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' हे वाक्य ठरलेले असते. ज्या मुलाची आई पहाटे उठून झऱ्यावरून पाणी आणते, भाकरी थापते आणि उजाडण्यापूर्वी मजुरीची वाट धरते, तो मुलगा 'आळस' हे कारण सुवाच्य अक्षरात लिहितो व त्यास दहापैकी आठ गुण मिळतात. त्याने पाहिलेले आणि त्याने लिहिलेले यांची गाठ कोठेच पडत नाही. ती कशी घालून देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पाठ चौथी-पाचवीच्या मुलांना झेपेल असा आहे. सहावी-सातवीच्या वर्गांस हिशेबाचा भाग अधिक द्यावा.

एकाच तालुक्यातील दोन मुलुख

आरंभ नकाशापासून करावा. तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढून त्यावर मुलांकडून पश्चिमेस सह्याद्रीची धार, मध्ये धरणे आणि पूर्वेस बाजारपेठा भरून घ्याव्यात. पश्चिमेकडे आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट हा धो धो पावसाचा मुलुख. येथे महादेव कोळी, ठाकर व कातकरी बंधूंची वस्ती. पिके भात, नाचणी, वरई, सावा, खुरासणी. पूर्वेकडे पाऊस बेताचा, परंतु कालव्याचे पाणी आहे. म्हणून मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या बाजूस कांदा, टोमॅटो, द्राक्षे व ऊस दिसतो. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे याच दोन तालुक्यांत आहेत, आणि त्यांचे पाणी पुढे अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांपर्यंत जाते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव मात्र डिंभ्याच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. मुलांना हे सांगितले की ती थोडा वेळ गप्प होतात. तेवढी शांतता होऊ द्यावी.

दिवाळी झाली की पश्चिमेकडची माणसे पूर्वेकडे मजुरीस उतरतात. नारायणगावच्या बाजारात सकाळी मजूर उभे असलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. आता मुलांपुढे प्रश्न ठेवावा : जेथे पाऊस अधिक, तेथेच गरिबी अधिक, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये. संपूर्ण पाठ या एका प्रश्नाच्या शोधासाठीच आहे.

गरिबी मोजावी कशी, याविषयी आपल्याकडे थोरांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. दादाभाई नौरोजींनी तुरुंगातील कैद्याच्या शिध्याचा खर्च काढला आणि सामान्य माणसाच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे आकड्यांनी दाखविले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी दररोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळण्याइतका खर्च ही दारिद्र्याची सीमा धरली होती. वर्गात एवढ्या खोलात जाण्याचे कारण नाही. आपल्या मुलांसाठी एक सोपे कोष्टक पुरे आहे. बारा महिन्यांची बारा घरे आखावीत व घरी विचारून भरून आणण्यास सांगावे : कोणत्या महिन्यात घरचे धान्य होते, कोणत्या महिन्यात विकत आणले, कोणत्या महिन्यात उसने घेतले. पश्चिम भागातील बहुतेक वह्यांत जेठ, आषाढ, श्रावण ही घरे सारखीच भरलेली आढळतील. या महिन्यांत शेतात कामाचा डोंगर असतो आणि कणगीत दाणा नसतो. गरीब घर वर्षभर सारखेच गरीब नसते. त्याची गरिबी विशिष्ट महिन्यांत दाटते. हे एकदा कळले म्हणजे उपायाचा विचारही नेमका होतो. (ही माहिती भरताना मुलांची नावे मोठ्याने वाचू नयेत. सर्व वह्यांची एकत्रित बेरीज फळ्यावर मांडावी.)

'शाश्वत' म्हणजे काय

१९८७ साली ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली : आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढील पिढ्यांची आपल्या गरजा भागविण्याची ताकद खच्ची करू नये. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी सतरा उद्दिष्टे ठरविली त्यांतील पहिलेच दारिद्र्य नाहीसे करण्याचे आहे. ही माहिती शिक्षकाजवळ असावी, परंतु मुलांना ती व्याख्या घोकावयास लावू नये. बियाण्याची कणगी कितीही अडचण आली तरी फोडू नये, हे त्यांच्या आजीला ठाऊक आहे. तेथूनच सुरुवात करावी. बियाणे खाल्ले तर आजची भूक भागते आणि पुढच्या वर्षाची वाढते. माती, पाणी, झाड ही देखील बियाण्याचीच कणगी होय, एवढे मुलांना उमगले की व्याख्या आपोआप येते.

पडकई

आपल्या डोंगरी भागात याचे सर्वांत बोलके उदाहरण पडकईचे आहे. भातकापणी व झोडणी आटोपल्यावर, जमीन कामास मोकळी असताना, उतारावरच्या वरच्या अंगाची माती खोदून खालच्या अंगास ओढायची, खालच्या कडेस दगडांचा ताल रचायचा, जागा सपाट करून बांध घालायचा आणि जादा पाण्यास सांडवा ठेवायचा. असे करीत उताराची पायरी-पायरीने भातखाचरे बनवायची. हे एकट्या घराचे काम नव्हे. म्हणून काही घरांनी मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, अशी महादेव कोळी समाजाची जुनी रीत आहे. या सामूहिक श्रमाला पडकई म्हणतात. पूर्वेकडील मुलांना इर्जिक वा सावड हे शब्द परिचित असतील; भाऊपणा तोच, काम निराळे.

या कामाचे मोल मुलांना गणिताने दाखवावे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १०१ लिटर पाणी झाले. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात, आणि आपल्याकडे एका दिवसात एवढा पाऊस काही नवलाचा नाही, एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी उतरते. उघड्या उतारावर हे पाणी थांबत नाही. जाताना माती घेऊन जाते. आता मातीचा हिशेब. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यावरून मातीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जाडीचा, वाहून गेला तर तो सुमारे चार घनमीटर भरतो. वजनाने अंदाजे पाच टन. गाडीत अर्धा टन माती भरली तर दहा गाड्या झाल्या. शेतकऱ्याने आपल्या हाताने दहा गाड्या माती ओढ्यात नेऊन टाकली तर सारे गाव त्यास वेडा म्हणेल. पाऊस नेतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही. खाचराच्या बांधाआड हीच माती थांबते, पाणी उभे राहते, आणि जेथे वरई-नाचणी दोन-तीन वर्षे घेऊन जमीन पडीक सोडावी लागत होती तेथे दरवर्षी भाताची आवणी करता येते. पावसाच्या मुलुखातल्या गरिबीचे एक उत्तर येथे मिळते : पाऊस पडतो, पण थांबत नाही.

मग प्रत्येक जण पडकई का करीत नाही? मुलांना हे अवश्य विचारावे, कारण याच ठिकाणी 'आळस' हे उत्तर पुन्हा डोके वर काढते. खरी अडचण अशी की पडकईचे दिवस आणि मजुरीस बाहेर पडण्याचे दिवस एकच आहेत. माघ-फाल्गुनात ज्याच्या घरी धान्य संपत आले आहे, त्याने आपल्या शेतात महिनाभर राबावे तर चूल कशाने पेटवावी? त्याला रोजची मजुरी आणण्यास नारायणगावला जावेच लागते. तो दुसऱ्याचे शेत पिकवितो आणि त्याचा स्वतःचा उतार धुपत राहतो. पुढच्या वर्षी धान्य आणखी लवकर संपते. या फेऱ्यात उद्योगीपणा कोठेही उणा नाही. उणे आहे ते, स्वतःच्या जमिनीवर काम करीत असताना पोटाला लागणारे अन्न.

महाराष्ट्राने या प्रश्नास दिलेले उत्तर देशाला दिशा दाखविणारे ठरले. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली. १९७२ च्या दुष्काळात तिचा मोठा विस्तार झाला, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्यास काम मिळावे आणि त्या कामातून गावाची जमीन, पाणी सुधारावे, अशी ही दुहेरी कल्पना. आंबेगावच्या डोंगरी भागात कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांनी उभ्या केलेल्या 'शाश्वत' या संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर पडकईच्या कामास नवी चालना दिली. शेतकऱ्याने काही श्रम आपले घालावेत आणि काहींचे मोल बाहेरून मिळावे, अशी जोड घातली की थांबलेली पडकई पुन्हा सुरू होते, हे तेथे दिसले. पुढे शासनानेही पडकईचा कार्यक्रम हाती घेतला. डिंभे जलाशयात विस्थापित आदिवासींची मासेमारी सहकारी पद्धतीने उभी करणे, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करणे, हीही या संस्थेच्या कामाची अंगे होती. २०१२ साली तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्या पाण्याने गाव गेले त्याच पाण्यातील मासा आपल्या हक्काचा मानून तो मिळविणे, यातील मर्म वरच्या वर्गांतील मुलांना समजते.

माळीण

परंतु उतारावरील कामाचा पाठ माळीणचे नाव घेतल्याशिवाय पुरा होऊ शकत नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, अतिवृष्टी चालू असता, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा घसरून आला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. पुढे गावाचे निराळ्या जागी पुनर्वसन झाले. दुर्घटनेनंतर कारणांची पुष्कळ चर्चा झाली. सततचा मोठा पाऊस, तीव्र उतार, झिजलेला खडक व त्यावरील मातीचा थर यांच्याबरोबरच उतारावर झालेले फेरफार, विशेषतः यंत्रांनी केलेले सपाटीकरण, हाही त्या चर्चेतील एक विषय होता. एकाच गोष्टीवर सारा दोष टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही शिक्षकाने एक भेद मुलांपुढे स्पष्ट मांडावा असे माझे मत आहे. माणसे हाताने खाचर काढतात तेव्हा काम सावकाश चालते. दगड पाहून ताल रचला जातो, झाड आडवे आले तर खाचर वळते, सांडव्याची जागा म्हातारी माणसे दाखवितात. यंत्र एका दिवसात उताराचा पाया कापून टाकते, आणि कोठे थांबावे हे यंत्राला कळत नाही. पडकईचा जो गुण आहे तो नुसत्या सपाटीत नाही. कोणता उतार हात लावण्याजोगा आहे आणि कोणता तसाच सोडावा, ही जाणही तिच्यातच येते. ती जाण वजा केली की उरते ते केवळ खोदकाम. जेथे उतार फार उभा आहे तेथे खाचराचा मोह सोडून झाडे व गवत राखणे, हाच शहाणपणा.

माळीणच्या आसपासच्या शाळांतून हा भाग अतिशय जपून घ्यावा. आपल्या वर्गात त्या घरांचे आप्त असू शकतात. दुर्घटनेचे वर्णन करू नये. ओळखण्याच्या खुणा मात्र शिकवाव्यात. जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, घराचे दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे वा नव्या जागी पाझर फुटणे, या खुणा मुलाने पाहिल्या तर त्याने लगेच घरी व शाळेत सांगावे. शाळेत एक पर्जन्यमापक असावा. तो विकत आणण्याची गरज नाही. सरळ बाजूंची, सपाट तळाची बरणी मोकळ्या जागी ठेवून दररोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की झाले. तळ सपाट नसेल तर बरणीत आधी थोडे पाणी घालून तेथे खूण करावी व त्या खुणेपासून मोजावे. ज्या शाळेत चार वर्षांच्या पावसाची वही आहे, त्या शाळेचे मूल पुढे कोणाच्याही अंदाजावर विसंबून राहत नाही.

हिरडा

भातानंतर पश्चिम भागाचा दुसरा आधार हिरडा. त्रिफळ्यातील हा एक घटक (उरलेले बेहडा व आवळा), शिवाय कातडी कमावण्यास व रंगास उपयोगी. कोवळी फळे पावसाळ्यापूर्वी गोळा करून वाळवितात, तो बाळहिरडा. पिकलेल्या मोठ्या हिरड्यापेक्षा त्यास भाव चांगला मिळतो. कोष्टकात जी जेठ-आषाढाची रिकामी घरे आपण पाहिली, त्यांच्या तोंडावरच हे पैसे हाती येतात. बियाणे, मीठ-मिरची, मुलांची वह्या-पुस्तके यांतूनच होतात. म्हणून हिरड्याचे झाड हे या घरांचे बँकेतील खातेच होय, असे म्हणण्यास हरकत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने या भागात हिरड्याचे मोठे नुकसान केले. तेव्हा भरपाई मिळावी म्हणून आदिवासी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीहक्क मान्य केला आहे. परंतु हक्क कागदावर असणे आणि काट्यावर असणे, यांत अंतर असते, आणि ते अंतर बहुधा गणिताच्या अज्ञानाने वाढते.

येथे शाळेस करण्याजोगे पुष्कळ आहे. एक किलो ताजा बाळहिरडा तोलून वाळत घालावा. दर दोन दिवसांनी वजन करून आलेख काढावा. वाळल्यावर किती उरला हे मुले स्वतः शोधतील, आणि अर्धवट वाळलेला माल घाईने विकला की काय होते याचा हिशेब त्यांना कोणी सांगावा लागणार नाही. नंतर काट्याचा पाठ घ्यावा. समजा, एका घराने बेचाळीस किलो माल विकला आणि प्रत्येक दहा किलोमागे पाव किलो कमी तोलला गेला. तर किती किलोचे पैसे बुडाले? (एक किलो पन्नास ग्रॅम.) अशी उदाहरणे पुस्तकातल्या 'एका व्यापाऱ्याने' पेक्षा अधिक लक्षात राहतात. फांदी तोडून हिरडा पाडला तर पुढच्या वर्षी त्या फांदीचा हिरडा किती, हाही गणिताचाच प्रश्न आहे, आणि उत्तर शून्य येते.

कर्जाचा हिशेबही याच सुमारास घ्यावा. आषाढात तीन हजार रुपये दरमहा शेकडा पाच दराने घेतले आणि पाच महिन्यांनी फेडले, तर व्याज साडेसातशे. तेच बचत गटातून शेकडा दोन दराने घेतले तर तीनशे; आणि हे तीनशे रुपये गटाच्याच पेटीत, म्हणजे पुन्हा आपल्याच बायाबापड्यांच्या हाती राहतात. दरमहा शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ, हे ऐकून पाचवीतली मुले चकित होतात. पुष्कळदा त्यांचे पालकही होतात.

ज्याच्या त्याच्या हाती असलेले

व्यक्तीने काय करावे, हा प्रश्न यानंतर घ्यावा, आधी नव्हे. 'काटकसर करा', 'व्यसन सोडा' हा उपदेश खोटा नाही, पण तो ऐकणाऱ्यास गरिबीचा गुन्हेगार ठरवून सुरू होतो, म्हणून तो लागू पडत नाही. त्याऐवजी, एका घराने दुसऱ्या कोणाची वाट न पाहता करण्याजोगे काय आहे, ते करून दाखवावे. भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात निवडणे हे असेच एक काम. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडावे. पोकळ दाणे वर तरंगतात ते काढून टाकावेत, तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावेत. हा प्रयोग वर्गात एका बादलीत होतो, खर्च चहाच्या कपाएवढा. दुसरे, बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावणे. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडला की खत होते. चारसूत्री भातलागवडीचे ते एक सूत्र आहे. राबासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडून भाजणे त्यामुळे एकदम थांबेल असे मी म्हणणार नाही, कारण राबाचे तण मारण्याचे काम पाला करीत नाही. परंतु खतासाठी लागणारी तोड तरी कमी होईल. शाळेचे कुंपणच गिरिपुष्पाचे असावे, म्हणजे पालकांना फांद्या मागावयास शाळेत यावे लागेल.

वृक्षारोपणाविषयी दोन शब्द. दरवर्षी जुलैमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावून छायाचित्र काढण्याची जी प्रथा पडली आहे, तिचा मुलांवर काय संस्कार होतो याचा आपण विचार करावा. पाचच झाडे लावावीत, पण पाचही जगवावीत आणि त्यांच्या वाढीची नोंद ठेवावी. झाड जगविण्यासाठी तरतूद करावी लागते, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने व वडाची झाडे लावण्यासाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या वा व्यापाऱ्यांच्या संघाकडे, गुंतविल्याची नोंद आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याने नुसती रोपे दिली नाहीत, निगराणीच्या खर्चाचीही सोय लावली! आहुप्याची देवराई ज्यांनी राखली त्यांनी शिलालेख कोरला नाही. देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबविली, इतकेच. दोन्ही स्थळे सहलीस योग्य आहेत. देवराईत गेल्यास झाडाखालची माती व बाहेरच्या उघड्या उतारावरची माती दोन डब्यांत आणून त्यांत सारखेच पाणी ओतावे, आणि कोणत्या मातीने किती पाणी धरले ते मुलांनी मोजावे.

आता शिक्षकाच्या स्वतःच्या वाट्याचा भाग. मजुरीचे हजेरीपत्रक, बँकेचे पुस्तक, सातबारा उतारा, वनहक्काच्या दाव्याची पोच हे चार कागद सातवी सोडणाऱ्या प्रत्येक मुलास वाचता आले पाहिजेत. यासाठी वेगळा तास लागत नाही. भाषेच्या तासाला आकलनाचा उतारा म्हणून नमुन्याचा कागद घ्यावा. नावे व गट क्रमांक बदलून फळ्यावर लिहावा आणि विचारावे : क्षेत्र किती? इतर हक्कांत काय नोंद आहे? किती दिवस भरले आणि पैसे किती दिवसांचे जमा झाले? एखादे मूल घरी जाऊन हेच प्रश्न विचारील आणि घरातून कोणी तरी कागद घेऊन शाळेत येईल. त्या वेळी 'हे माझे काम नाही' असे म्हणू नये. कागद वाचून दाखवावा, अर्ज कोणाकडे द्यावयाचा ते सांगावे, अर्जाची पोच घेण्यास बजावावे. वादात मात्र पडू नये.

पाठाची वेळ ठरविताना गावाचे वेळापत्रक पाहावे. पावसाची वही जूनपासून सुरू करावी, मातीचे प्रयोग पावसाळ्यात, पडकई प्रत्यक्ष पाहण्यास जाणे कापणीनंतर, हिरड्याचे वजन उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी. बारा महिन्यांचे कोष्टक दिवाळीच्या सुटीआधीच भरून घ्यावे, कारण सुटीनंतर काही मुले आईबापांबरोबर पूर्वेकडे गेलेली असतात. कोणते मूल कोठे जाणार, हे त्या कोष्टकातच आधी दिसते. अशा मुलांची शिक्षण हमी पत्रके सुटीपूर्वी तयार ठेवावीत, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या बाजूच्या केंद्रप्रमुखांस त्यांची संख्या कळवावी, आणि पत्रक शक्यतो आईच्या हाती द्यावे. शिधापत्रिका जेथे असते त्याच पिशवीत ती ते ठेवते व नव्या शाळेत पोचते करते.